कुठले जुने दिवस?

गोव्यातल्या डिचोली, साखळी, उसगाव या खाणपट्ट्यात कुणालाही ‘पूर्वी कसं होतं हो?’ असं विचारून बघा. ऐंशीच्या घरातली आजी झरीबद्दल बोलायला लागेल, वायंगणाच्या शेताबद्दल, डोंगरातल्या करवंदांबद्दल. तिचा पन्नाशीचा मुलगा खनिज वाहणाऱ्या टिपरांबद्दल बोलेल. दिवसाला किती ट्रिपा व्हायच्या, बोनस कधी हातात पडायचा, चतुर्थीच्या आधी बाजारात पाय ठेवायला कशी जागा नसायची. आणि तिशीतला नातू म्हणेल, माझ्या लहानपणी सगळं लालच होतं, त्याच्या आधीचं मला काय ठाऊक! तिघंही खरंच बोलतात. एका घरात, एकाच ओसरीवर तीन वेगवेगळे ‘जुने दिवस’ बसलेले असतात आणि ज्याला त्याला आपलेच खरे वाटतात.

एरवी जुन्या आठवणी काढणं ही निरुपद्रवी गोष्ट. चार आण्याचा वडा आणि रेडिओवरची गाणी आठवून कुणाचं नुकसान होत नाही. खाणपट्ट्यात मात्र कुठले दिवस आठवायचे यावर मोर्चे निघतात, मतं मागितली जातात, भाऊ-भाऊ बोलेनासे होतात. आता खाणी पुन्हा सुरू व्हायला लागल्यात. अशा वेळी हे सगळे जुने दिवस एका ओळीत मांडून बघायला हवेत.

गोव्याच्या खनिजाचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे ९५ किलोमीटर पसरलाय. डिचोलीपासून सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपेपर्यंत. समुद्रकिनारा बघून परत जाणाऱ्या पाहुण्यांना हा गोवा दिसत नाही. आमचं गाव डिचोली तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. माथ्यावर जांभा आणि त्याच्या पोटात लोहखनिजाची भुसभुशीत भुकटी. पुढे आयुष्यभर मी शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा कळलं की आमच्या लहानपणीच्या सगळ्या सुखाचं मूळ या रचनेत होतं. हा डोंगर म्हणजे पाण्याचा माठ होता. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस जांभ्याच्या भोकाभोकांतून झिरपून खालच्या भुकटीत साठायचा आणि मग वर्षभर पायथ्याशी पाझरत राहायचा. ज्या थराला कंपनी ‘ओर’ म्हणायची, त्याच थरात आमचं पाणी होतं. खनिज काढायचं आणि पाणी ठेवायचं, असं दोन्ही जमण्यासारखं नव्हतंच.

पण तेव्हा कुणाला काय त्याचं! झर होती, एवढं पुरे होतं. आजी कळशी बुडवायच्या आधी पाण्यावर पडलेलं पान हाताच्या उलट्या बाजूनं अलगद सारायची, तळ ढवळला जाऊ नये म्हणून. आम्ही पोरं घाईनं कळशी खुपसायचो आणि तिच्या शिव्या खायचो. मे महिन्यातही झरीची धार मनगटाएवढी असे. तेच पाणी पुढे पाटानं कुळागरात जायचं. माडांना, पोफळींना, केळींना. पोफळीवर चढवलेल्या मिऱ्याच्या वेलालाही. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. कुणाची सकाळची, कुणाची दुपारची, आणि रात्रीच्या पाळीवरून भांडणं. कुळागरातून उरलेलं पाणी व्हाळात. पावसाळ्यातलं भात कापून झालं की गावकरी मिळून व्हाळाला बांध घालायचे आणि त्या पाण्यावर वायंगणाचं पीक उभं राहायचं. ज्यांच्याकडे वायंगण नव्हतं ते अळसांदे टाकायचे, मिरची लावायचे. मिरगाच्या पहिल्या पावसात रात्री गॅसबत्ती घेऊन माणसं व्हाळावर जमायची. चढणीचे मासे शेतात शिरायचे, कुर्ल्या बांधावर यायच्या. दुसऱ्या दिवशी गावातल्या घराघरांतून एकच वास.

डोंगरही नुसता बघायचा नव्हता. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधायची तर कांगलांपासून रानफळांपर्यंत निम्मं सामान डोंगरातून यायचं. ते आणायला मोठ्या भावाबरोबर जायला मिळणं म्हणजे आपण मोठे झाल्याची खूण. आता माटोळीचं सामान म्हापशाच्या नाहीतर डिचोलीच्या बाजारात वाटे लावून मिळतं. मोल करून घ्यावं लागतं आणि ते कुठल्या डोंगरातून आलं हे विकणाऱ्या बाईलाही सांगता येत नाही.

तेव्हाचं सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वर्षाचं भात वर्षभर पुरत नसे. जमीन भाटकाराची, घराखालची जागाही त्याचीच. मुंडकाराला आवाज नव्हता. आजारी माणसाला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावं लागे. घरातला एक तरी माणूस मुंबईला, गिरगावातल्या कुठल्यातरी खोलीत नाहीतर बोटीवर. कुळकायदा १९६४ साली आला, मुंडकार कायदा १९७५ साली. गावोगावी मराठी शाळा निघाल्या त्या मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर. आणि भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते. ज्या शाळेत मी अक्षर गिरवलं आणि पुढे ज्या कायद्यानं आमच्या पायाखालची जागा आमची झाली, त्यामागच्या राजकारणाला खाणीच्या पैशाचाही आधार होता. हे विसरून नुसते झरीचे गोडवे गाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

खाण आली ती मुळात पोर्तुगिजांच्या काळात. त्यांनी खाणींच्या शेकडो सवलती वाटल्या आणि त्याही कायमच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, जर्मनी, इटली यांना पोलाद हवं होतं. १९५० च्या दशकात निर्यात लाखो टनांवर गेली, जपानी कर्जातून यंत्रं आली. १९७० च्या दशकात वर्षाला एक कोटी टनांचा टप्पा ओलांडला. सुरुवातीची खाण हातांची होती. पुरुष पिकासनं खणत, बाया घमेल्यातून दगड वाहत आणि हातोडीनं फोडून वेचत. त्या मजुरीत आमच्या गावच्या बायाही होत्या, घाटावरून आलेल्याही होत्या. यंत्रं आली तशा या बाया सगळ्यात आधी घरी बसल्या. खाणीनं रोजगार दिला असं म्हणताना त्यांची आठवण कुणी काढत नाही.

आमच्या डोंगराला यंत्र लागलं तेव्हा मी मराठी शाळेत होतो. बाबांना तिथं टाइमकीपरची नोकरी मिळाली. घरात पहिल्यांदाच महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे यायला लागले आणि त्या एका गोष्टीनं घराची चालच बदलली. वाण्याची उधारी थांबली. गवताचं छप्पर जाऊन मंगळुरी कौलं आली. आम्हा भावंडांच्या हायस्कूलची फी वेळेवर जाऊ लागली. आजी कुरकुरायची, डोंगर पोखरतात, बरं नव्हे. पण तिच्या दम्याचं औषधही त्याच पगारातून येत होतं. तिथं काय बोलणार!

जपानला उंची माल लागायचा. त्याहून कमी प्रतीचं जे काही निघे ते ‘रिजेक्शन’ म्हणून बाजूला टाकलं जाई. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ही सगळी माती आणि रिजेक्शन मिळून डोंगराशेजारी दुसरा डोंगर उभा राहिला. त्याला आम्ही डंप म्हणायचो. मूळच्या डोंगराला झाडं धरून ठेवायची, डंपाला धरायला काही नव्हतं. पहिल्या जोराच्या पावसात तो व्हाळात उतरला. व्हाळ लाल झाला आणि त्यानंतर आम्ही गेलो ते मिरगात कुर्ल्या पकडायला नव्हे, शेतातला गाळ बघायला. हा गाळ फार बारीक असतो. उन्हात सुकला की त्यात नांगर शिरत नाही आणि ओला असताना भाताची मुळं श्वास घेऊ शकत नाहीत. कंपनीनं भरपाई दिली. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिली. मग लोकांच्या लक्षात आलं की नांगरणी, पेरणी, राखण करून हाती येतं त्यापेक्षा भरपाई बरी. पेरणंच थांबलं. बांध घालायला माणसं जमेनात. शेत पडीक राहिलं ते असं, कुणी हिसकावून न घेता.

तरीही १९८० आणि ९० च्या दशकांतल्या खाणीबद्दल पन्नाशीतली मंडळी प्रेमानं बोलतात, त्यात खोटं नाही. बँकेचं कर्ज काढून टिपर घेतलेला पोरगा गावात मालक झाला. टिपरच्या कपाळावर ‘श्री लईराई प्रसन्न’, ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’. रस्त्याच्या कडेला गॅरेज, टायरवाला, पाव-भाजी आणि मिरची भज्यांचे गाडे. जत्रेतल्या नाटकांना देणगी, देवळाच्या सभामंडपाला लादी, फुटबॉलच्या संघांना पुरस्कर्ते. गोव्याच्या फुटबॉलमधली मोठी नावं खाणमालकांच्या घराण्यांची आहेत. धेंपो आणि साळगावकर यांच्या सामन्यांवर आम्ही पैजा लावलेल्या आहेत. मांडवीतून खनिज भरलेले बार्ज मुरगाव बंदराकडे जायचे. पावसाळ्यात आग्वादजवळ वाळूचा पट्टा वर आला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचे. पणजीला आलेले पर्यटक त्या बार्जचे फोटो काढायचे. त्या बार्जमधून आमचा डोंगर चालला होता, हे त्यांना कोण सांगणार!

मग चीन आला. बीजिंगला २००८ मध्ये ऑलिम्पिक व्हायचं होतं, तिकडे शहरंच्या शहरं बांधली जात होती आणि त्यांना कमी प्रतीचं खनिजही चालत होतं. जपाननं नाकारलेला आमचा डंप रातोरात सोन्याच्या भावाचा झाला. दर चढत चढत २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या पलीकडे गेले. सरकारला मिळणारी रॉयल्टी मात्र २००९ च्या ऑगस्टपर्यंत टनामागे ठरावीक, किरकोळ रकमेची होती. त्यानंतर ती किमतीच्या १० टक्के झाली. गोव्याच्या बंदरांतून २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. दहा वर्षांपूर्वी याच्या साधारण एक तृतीयांश जात होतं. रस्ते तेच, गावं तीच, फुप्फुसंही तीच.

त्या वर्षांत जे वाढले त्यांना लाल रंगाखेरीज दुसरं काही आठवत नाही. उसगाव, पाळी, वेळगे, नावेली, तिकडे सावर्डे-कुडचडे, सगळीकडे टिपरांची रांग. ट्रिपवर पैसे, म्हणून भरलेला टिपर सावकाश आणि रिकामा भरधाव. मुलांना शाळेत सोडताना आया हात सोडत नसत. अपघात झाला की रस्ता अडवायचा, भरपाई ठरायची, रस्ता मोकळा व्हायचा, दुसऱ्या दिवशी ट्रिपा चालू. घराची दारं-खिडक्या दिवसाही बंद. जेवायला बसलं की ताटावर ताट. शाळेत बाकं पुसायला मी वर्गात ओलं फडकं ठेवलं होतं. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा पुसलं की फडकं लाल. मुलं त्या बाकावरच्या धुळीत बोटानं आपली नावं लिहीत. अंगणातल्या तुळशीला बायका आधी आंघोळ घालत आणि मग पूजा करत.

धुळीचं काय होतं, हे वैद्यकशास्त्राला जुनं ठाऊक आहे. बारीक कण फुप्फुसात खोल जातात. त्यांत सिलिका असली तर फुप्फुसाला कायमचे व्रण पडतात आणि क्षयाला दार उघडं होतं. पण हा आजार वर्षानुवर्षं शांतपणे वाढतो. खाणीवर काम सोडून दहा वर्षं झालेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या खोकल्यावर खाणीचं नाव लिहिलेलं नसतं. डॉक्टर विचारतात, विडी ओढता का? तो हो म्हणतो, विषय संपतो. बाबांचा खोकला असाच विडीच्या खात्यावर गेला. ते शेवटपर्यंत म्हणत होते, विडी मी दिवसाला चार ओढली, धूळ मात्र तुम्ही मोजली नाहीत. रस्त्याकडेच्या घरातली बाई तर विडीही ओढत नव्हती आणि खाणीच्या हजेरीपटावरही नव्हती. तिच्या दम्याची नोंद कुठल्या वहीत करायची?

आणि पाणी. खड्डा जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेला की खाण कोरडी ठेवायला पंप लावावे लागतात. गोव्यातले काही खड्डे तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले. गोवा विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ ए. जी. चाचडी यांनी खाणपट्ट्यातल्या भूजलाचा बरीच वर्षं अभ्यास केला. शिरगावच्या आटलेल्या विहिरींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं पाहणी केली. शिरगाव म्हणजे लईराईचं गाव. वैशाखातल्या जत्रेला हजारो धोंड तिथं येतात, व्रत पाळतात, तळीवर आंघोळ करून निखाऱ्यांवरून चालतात. पाण्याशी एवढं घट्ट नातं असलेल्या देवीच्या गावाला टँकरची वाट बघावी लागली. आमच्याकडेही तेच. आधी झर मेपर्यंत टिकेना, मग मार्चपर्यंत, मग दिवाळीनंतरच बंद. विहिरीचे कोरडे कठडे तेवढे राहिले. पाण्याचा टँकर कंपनीच पाठवायची आणि लोक तिचे आभार मानायचे.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल संसदेसमोर आला आणि १० सप्टेंबरला राज्य सरकारनं खाणी थांबवल्या. सर्वोच्च न्यायालयानं २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं की २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं सगळं खाणकाम बेकायदा होतं, कारण पोर्तुगीज सवलतींच्या पुढे लीज झाल्या होत्या आणि त्या लीजची मुदतच संपली होती. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायमनिधीत टाकायला सांगितला. सरकारनं लीजचं नूतनीकरण केलं, तेही ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झालं. ८८ लीज एका निकालात गेल्या. ही लढाई न्यायालयात ‘गोवा फाउंडेशन’ या पर्यावरण संस्थेनं लढली. पण त्याआधी कितीतरी वर्षं डिचोलीचे रमेश गावस, केरीचे राजेंद्र केरकर यांच्यासारखी माणसं गावोगाव हिंडून हेच सांगत होती, तेव्हा त्यांना विकासाचे वैरी म्हणून शिव्या मिळत होत्या. मधल्या काळात २०१७ च्या एप्रिलमध्ये सत्तरीतल्या सोनशीच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी टिपर अडवले. चाळीसहून जास्त गावकरी तुरुंगात गेले, त्यांत बायाही होत्या. जामिनाचे दहा हजार रुपये भरायला त्यांच्याकडे नव्हते. ज्यांच्या दारावरून रोज कोट्यवधींचं खनिज जात होतं, त्यांच्याकडे दहा हजार नव्हते. खाणीच्या श्रीमंतीवर यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

बंदीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात झाडांची पानं हिरवी राहिली. दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी पांढरंच घरात आलं. रात्री झोप लागली. पण हप्ते थांबले नव्हते. अंगणात उभ्या टिपरांच्या टायरांना भेगा पडल्या, मग ते भंगाराच्या भावानं गेले. सरकारनं कर्जसवलतीची योजना काढली, अनुदान दिलं, काहींना पुरलं, बऱ्याचजणांना नाही. गाडे बंद पडले, भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या. शेताकडे परत जावं तर शेतावर गाळाचा थर आणि बांध घालायचं कसब असलेली माणसं म्हातारी. एकेकाळी भरपाईवर जगणं सोपं वाटलं होतं, आता भरपाईही नव्हती. साखळीपासून पणजीपर्यंत खाण अवलंबितांचे मोर्चे निघाले. त्यात माझे विद्यार्थी होते. त्यांच्या घोषणा मला पटत नव्हत्या आणि त्यांचे हप्ते मला माहीत होते. त्याच मोर्चातल्या एकाची आई विहिरीला पाणी मिळावं म्हणून ग्रामसभेत भांडत होती. टिपरांच्या दिवसांची हुरहूर सुरू झाली ती इथून. माणसाला जे शेवटचं गमावलं त्याचीच आठवण जास्त येते.

पंप थांबल्यामुळे काही पावसाळ्यांनी आमच्या विहिरीत पाणी वर आलं. खाणीच्या खड्ड्यांची तळी झाली. लांबून बघायला सुंदर, निळीहिरवी, आणि काठावर उभं राहिलं तर पोटात गोळा यावा इतकी खोल. उन्हाळ्यात त्यातलं पाणी ओढून नळयोजनांच्या कामी लावायची वेळही आली. झर मात्र परतली नाही. विहिरीला खालून पाणी मिळतं, झरीला वरून मिळतं, आणि तिच्या वरचा डोंगरच राहिलेला नाही. खाण बंद झाली की निसर्ग आपोआप भरून येतो असं सांगणाऱ्यांनी एवढा फरक लक्षात ठेवावा.

२०२२ च्या डिसेंबरपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा यंत्रं हलली. या खेपेला लीज फुकटात वारशानं आलेली नाही, लिलावात बोली लावून घेतलेली आहे. टिपरवर ताडपत्री आहे, गाड्यांवर जीपीएस आहे, सरकारच्या तिजोरीत वाटा जास्त आहे, खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज निधी आहे. हे सगळं आमच्या वेळी नव्हतं आणि ते आलं हे चांगलंच झालं. पण मुळगावच्या लोकांना कळलं की लिलावात दिलेल्या हद्दीत त्यांची घरं, देवळं, शेतंही आली आहेत. पिळगावच्या शेतकऱ्यांनी शेतातून जाणारी खनिजाची वाट अडवली. सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात कळण्याची खाण लोकांचा विरोध डावलून सुरू झाली होती. २०२१ च्या जुलैत तिथल्या खड्ड्यातलं पाणी बांध फोडून गावात घुसलं, घरांत आणि बागायतीत लाल चिखल झाला. ते दृश्य टीव्हीवर बघताना आमच्या गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

नव्या खाणीआधी पर्यावरणाचा अहवाल तयार होतो, जनसुनावणी होते. त्या अहवालात हवा, पाणी, शेती यांची ‘सध्याची स्थिती’ मोजलेली असते, बहुधा पावसाळा सोडून एका हंगामापुरती. मोजणारी मुलं सुशिक्षित असतात, यंत्रं नवीन असतात, आकडे बरोबर असतात. पण ते मोजतात ते आजचं. ज्या जागी झर होती तिथं त्यांना कोरडा खडक दिसतो आणि अहवालात लिहिलं जातं की या परिसरात झरे नाहीत. पडीक शेत दिसतं, लिहिलं जातं की जमीन लागवडीखाली नाही. म्हणजे जुन्या खाणीनं जे संपवलं ते नव्या खाणीच्या हिशोबात मुळात नव्हतंच असं ठरतं. नुकसान तिथून पुढे मोजायचं. तिशीतल्या नातवाला लाल धुळीच्या आधीचं काही ठाऊक नाही, आणि सरकारी कागदालाही नाही.

म्हणून मला वाटतं, झरीच्या आठवणी काढणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण ‘झालं पुराण सुरू’ म्हणून गप्प बसवू नये. आमच्या पट्ट्यातल्या किती गावांत खाणीआधीचे झरे, व्हाळ, वायंगणाची शेतं यांची लेखी नोंद आहे? सर्व्हेच्या नकाशावर जमिनीची हद्द मिळते, मालकाचं नाव मिळतं, पण मे महिन्यात झरीला किती पाणी असे हे मिळत नाही. ते ऐंशीच्या आजीच्या डोक्यात आहे. कुठल्या झाडाखाली झर, कुठल्या महिन्यापर्यंत धार, पाटाची पाळी किती जणांची, बांध कुठं घातला जाई, चढणीचे मासे कुठल्या शेतात शिरत. माधव गाडगीळांनी गावोगावच्या लोकांनी स्वतः लिहायची जैवविविधता नोंदवही सुचवली होती आणि आज कायद्यानं पंचायतींना ती ठेवावी लागते. तशीच पाण्याची वही गावानं लिहावी. शाळेतल्या मुलांना मोबाइल घेऊन आजीबरोबर डोंगराच्या पायथ्याशी पाठवावं, तिनं दाखवलेल्या जागेची खूण नकाशावर करावी, तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवावं आणि ग्रामसभेच्या ठरावानं ते मान्य करून घ्यावं. हे काम फार थांबणारं नाही, कारण सांगणारी माणसं थांबणार नाहीत.

या वहीत टिपरवाल्या मुलाची पानंही असावीत. किती कर्ज, किती वर्षं ट्रिपा, बंदी आल्यावर काय झालं, शेत सोडून किती वर्षं झाली. कारण खाण येताना पगार घेऊन येते हे खरंच आहे, आणि जाताना तो पगार कसा अचानक घेऊन जाते हेही. पन्नास वर्षांच्या करारावर सही करताना गावाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर दिसल्या पाहिजेत. आजच्या खाणीचं आयुष्य किती, तिच्यानंतर गावानं कशावर जगायचं, आणि खड्डा कोण बुजवणार, हे प्रश्न आठवणी बाजूला ठेवून विचारताच येत नाहीत. ज्यांना आधीचं आठवत नाही त्यांना पुढचं मागताही येत नाही.

पुढची जनसुनावणी जाहीर झाली की तिथं कंपनीचा अधिकारी पडद्यावर आकडे दाखवेल, सरपंच बोलेल, आमदार बोलेल, टाळ्या आणि आरडाओरड दोन्ही होईल. त्या सगळ्यांच्या आधी आजीला बोलायला उभं करावं आणि तिनं सांगितलेली प्रत्येक झर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय पुढचा विषय घेऊ देऊ नये.